एटीपीचा बंध आणि मिरकरवाड्यावरचा ताठ बांगडा

तू विचारलंयस की बायोलॉजीच्या पुस्तकात एटीपीचा (पेशीला कामासाठी ऊर्जा पुरवणारा रेणू) बंध तुटला की ऊर्जा मिळते असं आहे आणि केमिस्ट्रीचे सर म्हणतात कुठलाही बंध तोडायला उलट ऊर्जा लागते, मग खरं कोण? अरे, सर खरे. पंधरा वर्षं रत्नागिरीत बारावीला हेच शिकवतोय, हा प्रश्न ज्यांना पडत नाही त्यांचीच मला जास्त काळजी वाटते.

एटीपीला तीन फॉस्फेट ओळीने, तिघांवर निगेटिव्ह चार्ज, म्हणजे गणपतीच्या एसटीत दोघांच्या सीटवर तिघं कोंबलेले. शेवटच्याला उठवायला थोडा जोर लागतोच, पण तो उठला की पाण्याशी नवे बंध जोडून निवांत होतो आणि मागे राहिलेला दोन फॉस्फेटवाला एडीपीसुद्धा ऐसपैस, या सगळ्याचा हिशोब मिळून मोलमागे साधारण ७.३ किलोकॅलरी सुटते. लिपमन या बायोकेमिस्टने १९४१ मध्ये त्या बंधाला नागमोडी रेघ दिली आणि तेव्हापासून पोरांना वाटतं ऊर्जा त्या रेघेतच भरून ठेवलीय. आणि हो, नुसतं पाण्यात तुटलं तर सगळी उष्णता होऊन वाया जाईल, म्हणून पेशी बहुतेकदा तो फॉस्फेट आधी दुसऱ्या रेणूला चिकटवते.

ऊर्जेचा साठा म्हणशील तर तो चरबी आणि ग्लायकोजेनमध्ये (ग्लुकोजच्या साखळ्यांचा साठा). एटीपी अंगात किलोभरही नसतं, पण दिवसाला जवळपास आपल्या वजनाएवढं बनतं नि मोडतं.

एटीपी साठून राहत नाही हे पटत नसेल तर सकाळी मिरकरवाड्यावर, आपल्या मासळी बंदरावर जा. ताजा बांगडा डोक्याकडून आडवा धर, शेपटी लोंबत नाही. नुकताच मेलेला लुळाच असतो हां, ताठपणा नंतर येतो. स्नायूतलं मायोसिन हे प्रोटीन अॅक्टिन या दुसऱ्या प्रोटीनला पकडतं आणि ती पकड *सोडायला* एटीपी लागतं. मेल्यावर ऑक्सिजन बंद, मग एका ग्लुकोजमागे ३०-३२ ऐवजी दोन-तीनच एटीपी, तेही संपले की पकड तशीच राहते. जाळ्यात खूप तडफडलेला मासा लवकर ताठतो कारण त्याने ग्लायकोजेन आधीच उडवलेलं असतं. पुढे एन्झाइम प्रोटीन सैल करतात आणि मासा मऊ पडतो. जपानात एटीपी कितपत मोडलंय ते मोजून माशाचा ताजेपणा ठरवतात, आमची आई अंगठ्याने दाबून सांगते.

पेपरात ‘एटीपीच्या जलविघटनात ऊर्जा मुक्त होते’ एवढंच लिही, (जलविघटन म्हणजे पाण्याने रेणू मोडणं), ‘बंध तुटल्यामुळे’ हे शब्द गाळ, दोन्ही विषयांचे सर मार्क देतील.