चार्टरचं कोटेशन देण्याआधी

चार्टर म्हणजे ग्राहकासाठी अख्खं विमान भाड्याने ठरवणं. त्यासाठी पहिला फोन आला की लगेच आकडा सांगू नकोस. आधी विचार: माणसं किती, सामान किती, परत कधी यायचंय? मग विमान कुठे उभं आहे ते बघ. नागपूर ते गोवा मागणी आली आणि विमान मुंबईत असेल, तर ते नागपूरला रिकामं जाणार आणि गोव्याहून रिकामं परतणार. तो खर्चही ग्राहकाच्याच बिलात येतो. हे त्याला पहिल्याच दिवशी सांग.

ऑपरेटरकडे, म्हणजे विमान चालवणाऱ्या कंपनीकडे, डीजीसीएचं (नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाचं) नॉन-शेड्यूल्ड परमिट, म्हणजे ठरलेल्या वेळापत्रकाशिवाय भाड्याने विमान उडवण्याचा परवाना, आहे ना? त्याची प्रत डोळ्यांनी बघ. एखाद्या उद्योगपतीचं खासगी विमान ‘स्वस्तात देतो’ म्हणणारे भेटतील. ते भाड्याने देता येत नाही, आणि अपघात झाला तर विमाही हात वर करू शकतो. इथे जराही तडजोड नको.

धावपट्टी किती वाजेपर्यंत वापरता येते, ते विमानतळावर स्वतः फोन करून विचार. एकदा माझ्या एका ग्राहकाच्या लग्नाच्या वऱ्हाडाला निघायला चाळीस मिनिटं उशीर झाला. छोट्या विमानतळावर रात्रीचे दिवे नव्हते, सूर्य मावळला आणि नवरदेवाचे आजी-आजोबा रात्रभर गाडीने गेले. तेव्हापासून मी ग्राहकाला निघण्याची वेळ तासभर आधीचीच सांगते. गोव्यात दाबोळी विमानतळ नौदलाच्या तळावर आहे, तिथे हवी ती वेळ मिळेलच असं नाही. म्हणून गोव्यातल्याच मोपा या दुसऱ्या विमानतळाचाही पर्याय विचारून ठेव.