हिरव्या वायरीचे पैसे

चि. लेकरास अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर तू चिडला होतास. अर्थिंगच्या, म्हणजे गळलेला करंट जमिनीत नेणाऱ्या हिरव्या वायरीचे पैसे द्यायला मालक तयार नाही. म्हणाला, ‘हिरव्या वायरीनं काय जास्तीचा उजेड पडतो का?’ मी हसलो खरा, पण हे फोनवर सांगून होणारं नाही म्हणून लिहायला बसलो.

मालकाला नुसतं वेडा म्हणू नको. आपला ठेकाच पॉइंटवर असतो, जेवढे पॉइंट तेवढे पैसे. बल्बचा पॉइंट, पंख्याचा पॉइंट, 16 अँपियरचा पॉवर पॉइंट. अर्थिंगचा पॉइंट नसतो, म्हणून घासाघीस सुरू झाली की पहिली कात्री तिच्यावर चालते. तू पॉइंटचा भावच तिला धरून सांग. कागदावर तिची वेगळी ओळ दाखवलीस की मालक पेन घेऊन तीच ओळ खोडणार.

आणि ‘नियम आहे’ म्हणून त्याला पटवायला जाऊ नको, कूलरचं सांग. आपल्याकडं एप्रिल-मे म्हणजे घरोघरी पत्र्याचा कूलर. पत्रा ओला, फरशीवर पाणी सांडलेलं, घरातली बाई अनवाणी उभी राहून पाइपानं टाकी भरतीय आणि आत पंप चालू. पंपाचं इन्सुलेशन गेलं की फेज, म्हणजे जिवंत करंट, पत्र्यावर येतो. अर्थ असेल तर करंट तिकडून जातो. नसेल तर ती बाईच अर्थ होते. दर उन्हाळ्यात पेपरात अशी बातमी असतेच, मालकानंही वाचलेली असते. फक्त त्याच्या घरातल्या हिरव्या वायरीशी तिचा संबंध त्यानं जोडलेला नसतो.

आता नीट हिशोब बघ, कारण पुष्कळ जुने वायरमन इथंच थांबतात. खड्डा केला, कोळसा-मीठ भरलं, जीआय पाइप उभा केला, झालं अर्थिंग. पावसाळ्यात ते झकास चालतं. मे महिन्यात आपली काळी माती हात जाईल एवढी भेगाळते, पाइपापासून सुटते. समज, खड्ड्याचा रेझिस्टन्स, म्हणजे करंटला होणारा अडथळा, 100 ओहमवर गेला. कूलरच्या पत्र्यावर फेज आला तर 230 व्होल्ट भागिले 100, म्हणजे 2.3 अँपियर करंट जमिनीत जाणार. 16 अँपियरचा एमसीबी, म्हणजे करंट फार वाढला की आपोआप पडणारा स्विच, तेवढ्यानं हलतसुद्धा नाही. म्हणजे अर्थ आहे, एमसीबी आहे, तरी पत्रा जिवंतच. कूलर जोरात चालायचे ते दिवस आणि खड्डा कोरडा पडायचे दिवस एकच, ही आपल्या भागाची खोड आहे.

म्हणून आरसीसीबी, म्हणजे करंट जमिनीकडं गळायला लागला की पडणारा स्विच. तो 30 मिलिअँपियरवर पडतो, 2.3 अँपियर त्याला भरपूर झाले. अर्थ जोडलेली असेल तर कुणाचा हात लागायच्या आधीच पडेल. दोन्ही लागतात, एकावर दुसरं भागत नाही. खड्ड्यात उन्हाळाभर पाणी घालायला सांग. टँकरच्या गावात लोक तोंडाकडं बघतील, तेव्हा धुण्याचं वापरलेलं पाणीही चालतं म्हणून सांगायचं.

आरसीसीबी लावलास की पंधरा दिवसांत फोन येणार, ‘सारखा पडतोय, काढून टाक.’ काढू नको. पंप, गिझर, मिक्सर सगळ्यांच्या पिना काढून बघ. तरी पडत असेल तर एकेक एमसीबी बंद करण्यात दिवस घालवू नको, कारण सिंगल पोल एमसीबी फेजच तोडतो. न्यूट्रल, म्हणजे परतीची वायर, कुठं भिंतीत अर्थला टेकला असेल तर एमसीबी बंद करूनही तो दोष तसाच राहतो. मेन बंद कर, न्यूट्रल लिंकवरच्या, म्हणजे सगळे न्यूट्रल जोडलेल्या पट्टीवरच्या, वायरी एकेक करून सोड आणि तपास. पुष्कळदा आधीच्या वायरमननं एका सर्किटचा न्यूट्रल आरसीसीबीबाहेरच्या सर्किटला दिलेला सापडतो, नाहीतर इन्व्हर्टरचा न्यूट्रल घरच्या न्यूट्रलमध्ये मिसळलेला. मालकानं पैसे वाचवायला लाल रंगाचीच सगळी बंडलं आणलेली असली की हे शोधताना डोळ्यांत पाणी येतं. तुझ्यावर तशी वेळ आली तर न्यूट्रलच्या दोन्ही टोकांना काळी टेप तरी गुंडाळ.

टेस्टरवरही फार विसंबू नको. प्लगच्या दोन्ही भोकांत टेस्टर पेटला की पोरं ‘डबल फेज आला’ म्हणतात. तसं क्वचितच असतं. न्यूट्रल तुटलेला असतो आणि चालू असलेल्या बल्ब-पंख्यातून फेज फिरून तिथं दिसतो. अशा वेळी घरधनी म्हणेल, ‘तात्पुरतं न्यूट्रलच्या जागी अर्थवर चालव ना.’ खेड्यात सर्रास चालतं हे. मेलास तरी करू नको. अर्थ कोरडी असेल तर घरातल्या प्रत्येक पत्र्यावर फेज यायची वाट तूच करून देतोस.

गवंड्याबद्दल काय लिहू? स्लॅबच्या दिवशी तिथं उभं राहायचं, नाहीतर वायरीचा पाइप चेपतो आणि फॅन बॉक्समध्ये काँक्रीट जातं. प्लास्टरच्या आधी प्रत्येक भिंतीचा मोबाइलवर फोटो काढून ठेव. मालकाचा मेहुणा आला की बोर्डाची जागा बदलतेच, त्याला इलाज नाही. माळवदाच्या घरात मात्र खाच पाडायच्या भानगडीत पडू नको, मातीची भिंत ढासळत जाते. तिथं भिंतीवरून पट्टीतून वायर नेलेलीच बरी.

वायरमनचं परमिट काढ, पुढं ठेकेदाराचा परवानाही. नव्या कनेक्शनच्या टेस्ट रिपोर्टवर परवानाधारक ठेकेदाराची सही लागते, जन्मभर दुसऱ्याच्या सहीमागं राहशील का?

आणि पैसे टप्प्यानं घे. पाइप झाले की एक हप्ता, वायर ओढली की दुसरा, बाकीचे स्विच-पंखे लावायच्या आधी. पंखे फिरायला लागले की मालकाचा फोन लागत नाही.

तुझा,
काका