उत्पादनाचा अंदाज नंतर, कर्जाची तारीख आधी

सप्रेम आशीर्वाद.

तुझं पत्र दोनदा वाचलं. कॅनडाच्या अल्बर्टा प्रांतातल्या त्या लहान ऑइल सँड्स कंपनीचे शेअर तू घेतलेस आणि आता रोज नवी खबर कानावर येते. कोणी म्हणतं उत्पादन दुप्पट होणार, कोणी म्हणतं मोठी कंपनी हिला विकत घेणार. खरं काय, असं तू विचारतोस. मला वाटतं, तू चुकीच्या आकड्याच्या मागे लागला आहेस.

मुळात उत्पादनाबद्दल अफवांवर जगायची गरजच नाही. अल्बर्टा एनर्जी रेग्युलेटर, म्हणजे तिथला ऊर्जा नियामक, 'एसटी-५३' नावाचा तक्ता काढतो. वाफेवर चालणाऱ्या प्रत्येक प्रकल्पात महिन्याला किती बिटुमेन (वाळूतलं डांबरासारखं घट्ट तेल) निघालं, किती वाफ जमिनीत गेली, सगळं त्यात असतं. फुकट मिळतो. त्यात बॅरलपेक्षा वाफेचा आकडा आधी बघ. या पद्धतीत दोन आडव्या विहिरी साधारण ५ मीटरच्या अंतराने एकीवर एक खोदतात. वरच्या विहिरीतून वाफ सोडायची, तापून पातळ झालेलं बिटुमेन खालच्या विहिरीत झिरपतं. एका बॅरल तेलाला ३ बॅरल पाण्याची वाफ लागत असेल तर ठीक. तीच ५ लागायला लागली, तर नैसर्गिक वायूचा खर्च वाढतोच, शिवाय बॉयलरची क्षमता ठरलेली असल्यामुळे तेलही कमी निघतं. नव्या विहिरी पहिले काही महिने नुसत्या तापवाव्या लागतात, म्हणून एका वाईट महिन्याने घाबरू नकोस आणि एका चांगल्या महिन्याला बाराने गुणू नकोस.

आता ऑप्टी कॅनडाची गोष्ट सांगतो, कारण तुझ्या दोन्ही खबरा तिच्यात आहेत. फोर्ट मॅकमरेच्या आग्नेयेला लाँग लेक प्रकल्प. ऑप्टी आणि नेक्सन या दोन कॅनेडियन तेल कंपन्यांची भागीदारी, आराखडा दिवसाला ७२,००० बॅरल बिटुमेनचा. लोकांनी तोच आकडा गृहीत धरून शेअरची किंमत ठरवली आणि भाव २० डॉलरच्या वर गेला. जमिनीने मात्र साथ दिली नाही. वाफ अपेक्षेपेक्षा बरीच जास्त लागली आणि २०११ उजाडलं तरी उत्पादन आराखड्याच्या निम्म्यावरही पोचलं नव्हतं. मधल्या काळात पैशाची चणचण इतकी वाढली की ऑप्टीने आपला १५ टक्के हिस्सा नेक्सनलाच ७३.५ कोटी कॅनेडियन डॉलरला विकला. अब्जावधीचं कर्ज तरी उरलंच. जुलै २०११ मध्ये कंपनी धनकोंपासून संरक्षण मागायला कोर्टात गेली आणि त्याच महिन्यात चीनच्या सीनूक या सरकारी तेल कंपनीने ती घेण्याचं जाहीर केलं. व्यवहार २.१ अब्ज अमेरिकी डॉलरचा! म्हणजे 'मोठी कंपनी घेणार' ही आशा अक्षरशः खरी ठरली. पण त्यातला जवळजवळ सगळा पैसा धनकोंचा होता. भागधारकाच्या हाती शेअरमागे १२ सेंट आले. लाँग लेकचं तेल जमिनीतच होतं, प्रकल्पही चालू होता, फक्त मालक बदलले. हे वाचताना मला आजही त्या सामान्य भागधारकांचं वाईट वाटतं.

तेलाच्या भावाचंही असंच आहे. बातम्यांतला भाव तुझ्या कंपनीला मिळत नाही. बिटुमेन इतकं घट्ट की पाइपलाइनमधून पाठवायला त्यात सुमारे ३० टक्के कंडेन्सेट, म्हणजे अगदी हलकं पातळ तेल, मिसळावं लागतं. समज, बातम्यांतलं हलकं अमेरिकी तेल वेस्ट टेक्सास ७० डॉलर आणि कॅनडाचं जड मिश्रण वेस्टर्न कॅनेडियन सिलेक्ट ५७. एका बॅरल बिटुमेनमध्ये ०.४३ बॅरल कंडेन्सेट घातलं की १.४३ बॅरल मिश्रण होतं, त्याचे साडेएक्क्याऐंशी डॉलर. कंडेन्सेट साधारण हलक्या तेलाच्या भावाने येतं, त्याचे ३० वजा कर. हाती ५१. वाहतूक, वायू, रॉयल्टी, पगार अजून बाकीच आहेत. २०१८ च्या ऑक्टोबरात पाइपलाइन अपुऱ्या पडल्या आणि या दोन भावांमधला फरक ४० डॉलरच्या वर गेला, तेव्हा अल्बर्टा सरकारने जानेवारी २०१९ पासून उत्पादनात सक्तीची कपात केली. मे २०२४ मध्ये ट्रान्स माउंटनची वाढीव लाइन सुरू झाल्यापासून बराच दिलासा आहे, पण हिशेबात तो फरक धरच.

आणि व्याज. ३० कोटी डॉलरचं कर्ज १० टक्क्यांनी असेल तर वर्षाला ३ कोटी व्याज. रोज १०,००० बॅरल निघाले तर बॅरलमागे ८ डॉलर, ६,००० निघाले तर जवळजवळ १४. उत्पादन घसरलं की व्याजाचा बोजा असा दोन्हीकडून आवळतो, आणि मुद्दल फेडायची तारीख काही पुढे सरकत नाही. ती वार्षिक अहवालाच्या शेवटच्या टिपांमध्ये असते, अध्यक्षांच्या पत्रात क्वचितच. त्याच टिपांत धनकोंना कोणती मालमत्ता तारण आहे तेही मिळेल.

तेव्हा एक काम कर. एसटी-५३ मधून या कंपनीच्या प्रकल्पाचे गेल्या २४ महिन्यांचे तेल आणि वाफेचे आकडे एका तक्त्यात मांड. शेजारी कर्जाची रक्कम, व्याजदर, फेडीची तारीख आणि आज हातात असलेली रोकड लिही. हे होईपर्यंत आणखी एकही शेअर घेऊ नकोस, भाव कितीही खाली आला तरी. तक्ता मला पाठव, रविवारी फोनवर ओळीओळीने बघू.