बाळाला एकही दात नाही, मग त्याच्या हातात खायला काय द्यावं?

तुम्ही लिहिलंय की बाळ साडेसात महिन्यांचं आहे, मान धरतं, टेकूशिवाय बसतं, तुमच्या ताटातलं ओढून घेतं. पण दात एकही नाही, आणि घरातली मोठी माणसं म्हणतात की दात येईपर्यंत पेज आणि गुरगुट्या भातच द्या.

दातांसाठी थांबू नका. चावण्याचं काम दाढांचं, आणि पहिल्या दाढा येतात सव्वा-दीड वर्षाच्या सुमारास. आधी येणारे पुढचे दात नुसता तुकडा तोडतात. तोवर हिरड्या पुरतात. बाळाच्या तोंडात बोट घालून बघा, किती जोर आहे ते कळेल. पेजही बंद करायला नको, दोन्ही चालू द्या. वर्षापर्यंत मुख्य आहार दूधच.

बघायचं ते मऊपण आणि आकार. तुकडा अंगठा आणि तर्जनीत हलकेच दाबला की त्याचा लगदा व्हायला हवा. मोडून दोन टणक तुकडे झाले तर पुन्हा वाफेवर ठेवा.

आकाराच्या बाबतीत बहुतेकजण उलट चूक करतात: काळजीपोटी बारीक बारीक फोडी करतात. या वयात बाळ पूर्ण मुठीने पकडतं, त्यामुळे मुठीत गेलेलं त्याला खाता येत नाही. वर डोकावतं तेवढंच तोंडात जातं. म्हणून तुमच्या बोटाएवढ्या लांब कांड्या करा, ६-७ सेंमी लांब आणि दीड सेंमी जाड. चिमटीत उचलणं साधारण नवव्या महिन्यात जमतं, तेव्हा वाटाण्याएवढे मऊ तुकडे द्या.

सुरुवातीला लाल भोपळा, रताळं, गाजर, दुधी. मोदकपात्रात भोपळ्याला ८-१० मिनिटं, गाजराला १५ तरी लागतात. भोपळ्याची साल एका बाजूला राहू द्या, म्हणजे कांडी हातात मोडत नाही. गर खाऊन झाला की साल काढून घ्या. कुकरमध्ये गाळ होतो, मग धरता येत नाही. सफरचंद सोलून, वाफवूनच. केळं, पपई, आंबा पिकलेले असले की निसटतात. फोडीला भाजलेल्या नाचणीच्या पिठाचा हलका हात लावा. हापूसची कोय, बराचसा गर काढून, चोखायला उत्तम, कारण ती घशात जाण्याइतकी लहान नसते. रेषाळ आंब्याची मात्र नको.

पण नुसत्या भाज्या-फळांवर थांबू नका. जन्मतः मिळालेला लोहाचा साठा सहा महिन्यांच्या सुमारास ओसरू लागतो आणि आईच्या दुधात लोह कमीच असतं. म्हणून रोज डाळ, अंडं किंवा मांसाहार यांतलं काहीतरी हवं: पूर्ण शिजलेल्या ऑम्लेटच्या पट्ट्या, किंवा शिजवलेला खिमा बटाट्यात मळून वाफवलेले लांबट मुटके. डाळीसोबत लिंबाचे दोन थेंब किंवा पपईची फोड दिली की लोह अंगी लागतं. अंडं, शेंगदाण्याचं पातळ केलेलं वाटण, मासा असं काही पहिल्यांदा देताना एका वेळी एकच, थोडंसं आणि सकाळी द्या, म्हणजे अंगावर पुरळ किंवा उलटी झालीच तर दिवसाउजेडी कळेल. एक्झिमा (कातडीवर खाज सुटणारे कोरडे, लाल चट्टे) असलेल्या बाळाला हे देण्याआधी डॉक्टरांना विचारा.

शाकाहारी घरात मूगडाळीचं धिरडं सगळ्यात सोयीचं. अर्धी वाटी सालीशिवायची मूगडाळ दोन तास भिजवून वाटा. त्यात दोन चमचे नाचणीचं पीठ, पाव वाटी किसलेला दुधी, चिमूटभर जिरेपूड. मीठ नको. जाडसर घाला आणि मंद आचेवर, झाकण ठेवून होऊ द्या. आच मोठी झाली की कडा कुरकुरीत होतात. त्या कापून तुम्ही खा. दोन सेंमी रुंद पट्ट्या करून तूप लावा आणि झाकून ठेवा, कारण गार झालं की वातड होतं.

दात शिवशिवतात म्हणून कच्चं गाजर, खारीक किंवा खोबऱ्याचा तुकडा चघळायला देतात, ते अजिबात नको. अख्खी द्राक्षं, शेंगदाणे, फुटाणे, मक्याच्या लाह्याही नकोत. पाव आणि पोळीचा तुकडा लाळेत भिजून चिकट गोळा होतो आणि टाळूला बसतो, म्हणून पोळी वरणात कुस्करूनच द्या. इडलीची फोडही वरणात बुडवून. मध वर्षापर्यंत औषधाच्या चाटणातही नको. त्यातल्या जिवाणूंच्या बीजाणूंमुळे बाळाला बॉट्युलिझम, म्हणजे स्नायू लुळे पाडणारी गंभीर विषबाधा, होऊ शकते.

बाळ ताठ बसलेलं हवं. रेलून, मांडीवर आडवं किंवा वॉकरमध्ये फिरताना नको. तुकडा तुम्ही तोंडात कोंबू नका, त्याला त्याच्या हाताने नेऊ द्या. उठवण्याआधी गालात काही साठवलंय का बघा.

सुरुवातीला उमासे येतीलच: चेहरा लाल, जीभ बाहेर, आवाज, खोकला. तेव्हा हात लावू नका, ते स्वतः बाहेर काढतं. अडकल्याची खूण वेगळी: आवाज बंद, श्वास नाही, ओठ निळसर. लगेच बाळाला हातावर पालथं घ्या, डोकं छातीपेक्षा खाली, आणि खांद्यांच्या फऱ्यांमध्ये तळहाताच्या टाचेने ५ थापा मारा. निघालं नाही तर उताणं करून छातीच्या मध्यभागी ५ वेळा दाबा, आणि हेच आलटून पालटून. दुसऱ्याला १०८ लावायला सांगा. न दिसणाऱ्या तुकड्यासाठी घशात बोट घालू नका, तो आणखी आत जातो. घरात बाळाला भरवणाऱ्या प्रत्येकाला हे करून दाखवा, आजीलासुद्धा.

आणि पुढचे दोन दात दिसले की घरातले म्हणतील, आता सगळं चालेल. उलट तेव्हाच जास्त सांभाळा: त्या दातांनी सफरचंदाची कच्ची फोड कट्‌कन तुटते, पण ती बारीक करायला दाढ नसते.