गोठ्यातले प्रश्न : बॅगेच्या तळाला काळं पाणी

प्रश्न : माझ्याकडे सहा गाई आहेत. मुरघासासाठी (हवाबंद ठेवून आंबवलेला हिरवा चारा) मका तुऱ्यावर येताच तोडून, कुट्टी करून एक टनाच्या दोन बॅगा भरल्या. गूळ, मीठ, कल्चर (चारा आंबवणारे जिवाणू) सगळं घातलं. दोन महिन्यांनी एक बॅग उघडली तर तळाला काळं पाणी आणि गाई तोंड फिरवतील असा वास. कल्चर खराब निघालं का?
– एक वाचक, ता. माळशिरस

उत्तर : कल्चरला उगाच बोल लावू नका, दादा. घोटाळा तोडणीच्या दिवशीच झाला. तुऱ्यावरच्या मक्यात पाणीच फार असतं, शंभर किलोत ऐंशीच्या आसपास. मुरघासाला सत्तरच्याही खाली हवं. पाणी जास्त असलं की लॅक्टिक आम्ल वेळेत तयार होत नाही आणि नको ते जिवाणू माजतात. तुमच्या बॅगेचा वास खवट तुपासारखा असेल, तर तो त्यांचाच. चांगला मुरघास ताकासारखा आंबूस लागतो आणि रंगाने पिवळसर हिरवा असतो.

तुरा बघून तोडूच नका, कणीस बघा. सोलून मधोमध मोडा आणि दाणा आडवा धरा. वरून पिवळा, घट्ट भाग खाली सरकत येतो, खाली पांढरा चीक असतो. दोन्हींमधली रेघ दाण्याच्या निम्म्यावर आली की कोयता काढा. तरी शंका असेल तर कुट्टीची मूठ करकचून दाबा. बोटांतून पाणी ठिबकलं तर दोन-चार दिवस थांबा. गोळा लगेच विस्कटला तर उशीर झालाय. हात ओलसर होऊन गोळा सावकाश उलगडला, तर त्याच दिवशी भरा.

गुळाबद्दल माझं मत थोडं वेगळं आहे. मक्यात साखर मुळातच पुरेशी असते. तो खर्च दाबणाऱ्या माणसावर करा. कुट्टी पाऊण इंचाच्या आत ठेवा आणि अर्धा-अर्धा फूट थर टाकून तुडवा. मी बॅगेऐवजी खड्ड्यात मुरघास करतो. माझ्या पहिल्या वर्षी खड्डा निम्मा भरला नि ट्रॅक्टरवाला घरी गेला. रात्रभर खड्डा उघडाच. सकाळी हात घातला तर कुट्टी चहाच्या कपासारखी गरम! हवा होती तोवर पिकातली साखर जळत राहिली. तेव्हापासून सुरू केलेला खड्डा झाकल्याशिवाय मी जेवायला बसत नाही.

आता त्या बॅगेचं काय करायचं? काळा आणि बुरशीचा भाग उकिरड्यावर टाका. गाभण गाईला तर त्यातलं चिमूटभरही नको, गाभडण्याची भीती असते. दुसरी बॅगही त्याच मक्याची, तेव्हा फार आशा ठेवू नका. तरी उघडल्यावर वास चांगला आला तर एका गाईला रोज पाच किलोपासून सुरुवात करून आठ-दहा दिवसांत पंधरा-वीस किलोवर जा. सोबत थोडा कडबा असू द्याच.

प्रश्न : आमच्याकडे मका नाही, ज्वारी आहे. चालेल का?
– एक वाचक, जि. सोलापूर

उत्तर : चालेल. हुरड्यावर आली की तोडा. कोवळी, गुडघाभर ज्वारी मात्र खड्ड्यातही नको आणि दावणीतही नको, तिच्यात विष असतं.