डिक्शनरी शिकताना आधी सहा नोंदी हातानं मांड

पायथन या प्रोग्रामिंग भाषेतली डिक्शनरी, म्हणजे किल्ली सांगितली की तिच्यापुढची नोंद काढून देणारी वही, नुसती वापरू नकोस गड्या, एकदा कागदावर मांड. लातूरच्या मोंढ्यातल्या पट्ट्यांचे सहा नंबर घे: 17, 25, 40 असे. प्रत्येकापुढं सोयाबीनचे कट्टे लिही; इथं नंबर म्हणजे किल्ली. आता आठ खण आखून नंबराला आठनं भाग; उरेल ती बाकी म्हणजे खण. 17 ची बाकी 1, अन् 25 चीही 1! इथंच खरी गंमत आहे. खण अडलेला दिसला की पायथन ठरलेल्या हिशोबानं दुसरा खण गाठतो. शोधतानाही तोच माग धरतो, आधी हॅश (किल्लीवरून काढलेला आकडा; इथं नंबर स्वतःच) जुळवतो, मग किल्ली. म्हणून हजारो पट्ट्यांतूनही पट्टी झटक्यात सापडते, सगळी चवड उपसावी लागत नाही.

आठ खणांत पाचच नोंदी मावतात. सहावी आली की मोठा तक्ता करून सगळ्यांची फेरमांडणी होते. जागा वाया जाते म्हणशील, पण खच्चून भरलं की टकरा, म्हणजे दोन किल्ल्या एकाच खणावर येणं, वाढतात.

लिस्ट, म्हणजे मागाहून बदलता येणारी यादी, किल्ली म्हणून चालत नाही. नंतर बदलली तर खण कुठला शोधायचा? ट्यूपल, म्हणजे न बदलणारी यादी, घे, आतल्या वस्तू न बदलणाऱ्या असल्या की झालं.

नंबरांऐवजी 'औसा', 'निलंगा' घेऊन हॅश छापलास तर प्रोग्राम नव्यानं चालवशील तेव्हा दर वेळी वेगळा आकडा येईल. घाबरू नको, पायथनच्या 3.3 आवृत्तीपासून ते मुद्दामच तसं आहे. कुणी ठरवून टकरा घडवू नयेत म्हणून. मी यापायी एक अख्खी रात्र घातली होती. नोंदींचा क्रम मात्र 3.7 पासून टाकला तसाच राहतो.