स्नायू, शीर आणि नारू

देवगडच्या एका वाचकाचा प्रश्न आहे. आईची टाच दुखते. सकाळी उठून पहिली चार पावलं टाकताना जीव मेटाकुटीला येतो. सोनोग्राफीच्या कागदावर ‘प्लांटर ॲपोन्युरोसिस’ जाड झाल्याचं लिहिलंय. मुंबईच्या भाच्याने त्यातला ‘न्यूरो’ हेरून फोनवरच निकाल दिला, की हा नसेचा आजार. फिजिओथेरपिस्ट बाई म्हणाल्या, ‘काकू, हा स्नायू नव्हे.’ वैद्यबुवा म्हणाले, ‘हा स्नायूच.’ आणि आई म्हणते, ‘माजी शीर धरली हा, तुमी कायव म्हणा.’ यातलं खरं कोणाचं, आणि स्नायू म्हणजे मराठीत नेमकं काय, असं वाचकाला हवंय. शेवटी एक छोटा प्रश्न जोडलाय: स्नायू ऱ्हस्व की दीर्घ?

आधी माझं गाऱ्हाणं ऐकून घ्या. दुखण्यावरच्या मलमांच्या जाहिराती हल्ली ‘मांसपेशींच्या वेदनेपासून आराम’ देतात. हे मराठी नाही. हिंदी जाहिरातीला घाईघाईने नऊवारी नेसवलेली आहे. हिंदीत मसल म्हणजे मांसपेशी आणि सेल म्हणजे कोशिका. आपण सेलला पेशी म्हणतो. तांबड्या पेशी, पांढऱ्या पेशी, पेशीविभाजन हे शब्द सातवीतल्या पोरालाही ठाऊक असतात. त्याने ‘मांसपेशी दुखतात’ हे वाक्य ऐकून काय समजायचं? मसलला मराठीत स्नायू म्हणतात. व्यायामशाळेत म्हणतात, शाळेच्या पुस्तकात म्हणतात, क्रिकेटच्या बातमीत मांडीचा स्नायू दुखावतो तेव्हाही म्हणतात. इतका चालता शब्द हाताशी असताना उसनवारी कशाला?

यावर कोणी विद्वान सुश्रुतसंहिता घेऊन उभा राहील हे मला माहीत आहे. ‘अहो, सुश्रुतानेच मसलला पेशी म्हटलंय, पाचशे पेशी सांगितल्यात, म्हणजे हिंदीवाले शुद्ध आणि तुम्हीच बिघडलेले.’ पाचशे सांगितल्यात हे खरं. शारीरस्थानाच्या पाचव्या अध्यायात ५०० पेशी आहेत, ३०० हाडं आहेत (दातसुद्धा हाडांत मोजून, आज आपण २०६ म्हणतो) आणि ९०० स्नायू आहेत. पण संहितेत आहे म्हणून मराठीत चालवा, हा न्याय लावला तर उद्या ‘मृग’ म्हणजे कुठलंही जनावर धरावं लागेल. शब्द गाव सोडून दुसऱ्या गावी जातो, तिथे घर करतो. पेशी मराठीत सेलच्या घरी राहायला गेली, तिला परत बोलावणं आता कोणाच्या हातात नाही.

स्नायूने तर पेशीहूनही जास्त गावं बदललीत. गुजरातीत आणि कन्नडमध्ये स्नायू म्हणजे आपल्यासारखाच मसल. बंगालीत आणि उडियात स्नायू म्हणजे नस, मेंदूकडून निरोप नेणारी नर्व्ह. आणि सुश्रुताकडे या दोन्हीतलं काही नाही. तिथे स्नायू म्हणजे सांधे बांधून ठेवणारा चिवट, पांढरा, दोरीसारखा भाग. आजच्या भाषेत लिगामेंट, टेंडन आणि त्यांचे भाऊबंद. एकाच शब्दाचे तीन संसार, आणि तिन्ही सुखाने चाललेत.

सुश्रुत स्नायूंचे चार प्रकार करतो. फाटे फुटून पसरणाऱ्या त्या प्रतानवती, गोल दोरीसारख्या त्या वृत्ता (यांनाच कंडरा म्हणायचं), रुंद पट्ट्यासारख्या त्या पृथु आणि पोकळ त्या शुषिरा. प्रतानवती कुठे असतात, तर हातापायांत आणि सगळ्या सांध्यांत. आता आईंच्या तळपायाकडे या. ज्याला प्लांटर ॲपोन्युरोसिस म्हणतात तो टाचेच्या हाडापासून निघणारा जाड पट्टा आहे आणि पुढे जाऊन तो पाच बोटांकडे पाच फाट्यांनी पसरतो. म्हणजे प्रतानवती. वैद्यबुवांनी ‘स्नायूच’ म्हटलं ते त्यांच्या शास्त्राला धरून होतं.

यानंतर सुश्रुताने जो दृष्टान्त दिलाय तो वाचून मी खुर्चीतून उठलो होतो. फळ्यांची केलेली नाव जशी ‘बन्धनैर्बहुभिर्युता’, म्हणजे पुष्कळ बंधनांनी नीट बांधलेली असली की पाण्यात माणसांसकट भार सोसते, तसे शरीरातले सगळे सांधे पुष्कळ स्नायूंनी बांधलेले आहेत, म्हणून माणूस भार सोसतो. बंधनं! खिळे म्हटलेलं नाही. आमच्या किनाऱ्यावरच्या रापणकराला (रापण म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं) हे वेगळं समजवावं लागणार नाही. रापणीच्या जुन्या होड्या शिवलेल्या असत. फळीच्या काठाला भोकं पाडायची, फटीवर सोडणाचा, म्हणजे नारळाच्या सालीचा, काथ्या दाबून बसवायचा आणि काथ्याच्याच दोरीने फळीला फळी शिवून काढायची. अशी होडी लाटेबरोबर वाळूवर आपटली तरी शिवण किंचित देते, फळी तडकत नाही. खिळ्याची फळी हट्टी असते. घोट्याचं लिगामेंट तेच करतं, जरासं देतं आणि धरून ठेवतं. अजिंठ्याच्या चित्रातल्या जहाजावरून बेतलेलं, असंच काथ्याने शिवलेलं ‘कौंडिण्य’ नौदलाने २०२५च्या मे महिन्यात कारवारला दाखल करून घेतलं, तेव्हा सगळ्यांना नवल वाटलं. सिंधुदुर्गात एखाद्या म्हाताऱ्या सुताराने नुसतं ‘मगे?’ म्हटलं असतं.

माझं मत असं, की सुश्रुताच्या डोळ्यांसमोर शिवलेलीच नाव होती. ‘सुश्रुत काशीचा, त्याला समुद्रावरची होडी कुठली माहीत’ हा आक्षेप मी ऐकलाय आणि तो मला पोकळ वाटतो. नाव दोरीने बांधायची ही रीत विद्येच्या प्रांतात चांगली परिचित होती. भोजाच्या नावावर असलेल्या युक्तिकल्पतरूत तर समुद्रात जाणारी नाव लोखंडाने बांधू नका, लोहचुंबकाचे खडक ती ओढून घेतील, ‘गुणा’नेच बांधा असं बजावलंय. गुण म्हणजे दोरी. खडकांचं कारण भाबडं असेल, दोरी खरी आहे. आणि सगळ्यात मोठा साक्षीदार सुश्रुत स्वतः. जखम कशाने शिवावी हे सांगताना तो सूत, आपट्याची साल (दसऱ्याचं सोनं आपण पानांचं लुटतो, सालीचा दोरा विसरलो), ताग, केस, गुळवेलीचे तंतू यांच्या रांगेत स्नायूही बसवतो. म्हणजे जनावराची तात (अंगातली चिवट दोरी) काढून तिने माणसाची कातडी शिवायची. अंगात असताना सांधे शिवणारा, अंगाबाहेर काढल्यावर जखम शिवणारा. तोच शब्द, तेच काम.

आणि शब्दाच्या मुळाशीही शिवणच आहे. धातुपाठात, म्हणजे संस्कृत धातूंच्या जुन्या यादीत, ‘ष्णै वेष्टने’ आहे, गुंडाळण्याच्या अर्थाचा. त्याच्या दूरच्या नात्यात सूत कातणं आणि शिवणं या अर्थांचे धातू युरोपभर पसरलेत. इंग्रजीतली नीडल, म्हणजे सुई, त्याच घरातली. वेदात ‘स्नावन्’ म्हणजे तात. इराणात अवेस्तात, म्हणजे पारशांच्या धर्मग्रंथात, ‘स्नावर’. ग्रीकांनी सुरुवातीचा स टाकला आणि म्हटलं ‘न्यूरॉन’. लॅटिनमध्ये अक्षरांची अदलाबदल होऊन झाला ‘नर्व्हस’, त्याची इंग्रजी नर्व्ह. होय, भाच्याचा ‘न्यूरो’ आणि वैद्यबुवांचा ‘स्नायू’ एकाच आजोबांची नातवंडं आहेत.

मग भाच्याचं निदान बरोबर ठरतं का? साफ चूक. होमरच्या काळी न्यूरॉन म्हणजे तात, धनुष्याची दोरी. अॅरिस्टॉटललासुद्धा न्यूरॉन म्हटलं की सांध्याची दोरीच दिसे. पुढे इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकात अलेक्झांड्रियात हेरोफिलस आणि इरासिस्ट्रॅटस यांनी मृतदेह उघडून पाहिले, तेव्हा पांढऱ्या दोऱ्यांत दोन जाती निघाल्या: एक सांधे बांधणारी, दुसरी मेंदूला जोडलेली. कालांतराने न्यूरॉन हे नाव दुसरीकडेच राहिलं. पण ॲपोन्युरोसिस हा शब्द जुन्या वळणावरच थांबला. त्यातला न्यूरॉन अजून तातच आहे. नर्व्हशी त्याचा काडीचा संबंध नाही. रेडिओलॉजिस्टने इंग्रजीत लिहिलं आणि वैद्यबुवांनी संस्कृतात सांगितलं, ते एकच.

इथे एक जुनं भांडण मिटवून टाकतो. इंग्रजीतला ‘सिन्यू’ आपल्या स्नायूवरून गेला, असा निरोप दर गुढीपाडव्याला फिरतो. गेला नाही. काही इंग्रजी कोशही या दोघांना शेजारी बसवतात, तेही मला मुळीच पटत नाही. स्नायूत स आणि न चिकटलेले आणि मग दीर्घ आ. सिन्यूत स आणि न यांच्यामध्ये स्वर बसलाय. त्याचं नातं ‘बांधणे’ या अर्थाच्या ‘सि’ धातूशी लागतं, ज्यातून आपल्याकडे ‘सेतू’ आला. सिन्यूला सेतूचा चुलतभाऊ म्हणा, मी टाळ्या वाजवीन. उच्चार जवळ दिसला की सोयरीक जमवणं हे व्युत्पत्तीचं काम नाही, वधुवर सूचक मंडळाचं आहे.

आता ज्यासाठी मी हे सगळं लिहायला घेतलं ते. स्नायू हा तत्सम शब्द, पंडितांनी आणलेला. मग लोकांच्या तोंडी घासून झिजून मराठीत आलेलं त्याचं रूप कुठे गेलं? स्नानाचं न्हाणं झालं, तसं याचंही काहीतरी झालं असणारच. झालंय. पालीत ‘न्हारु’. बौद्ध शरीराच्या बत्तीस भागांची यादी म्हणतात, तिच्यात ‘मंसं न्हारु अट्ठि’ असा ओळीने क्रम येतो: मांस, स्नायू, हाड. प्राकृतात ‘ण्हारु’. आणि मराठीत? नारू! पायातून बाहेर येणारा तो भयंकर जंत. वैद्यकात त्या रोगाचं नावच ‘स्नायुक’ आहे. पांढरा, लांब, तातीसारखा, वाढ झालेली मादी जवळजवळ मीटरभर. काडीला गुंडाळत रोज थोडा थोडा बाहेर ओढायचा, तुटला तर पाय सुजून संपलं. ज्यांनी पाहिला त्यांना पायातून स्नायूच उसवून येतोय असं वाटलं, आणि नाव पडलं. भारतातला शेवटचा रुग्ण १९९६चा. २००० साली देश नारूमुक्त जाहीर झाला. रोग गेला आणि त्याबरोबर स्नायूचा खरा मराठी वारसही बोलण्यातून गेला.

यातला ‘र’ बघा. संस्कृतात स्नावन्, न. अवेस्तात स्नावर, र. ग्रीक न्यूरॉन, पुन्हा र. पाली न्हारु, र. काही जुन्या शब्दांत र आणि न आलटून पालटून येतात. ‘अहर्निश’मधला अहर् आणि विभक्ती चालवताना येणारा अहन् एकच, हे संस्कृत शिकलेल्यांना आठवेल. माझं म्हणणं, संस्कृताने न ठेवला आणि र सामान्य लोकांनी सांभाळला; तोच आपल्या नारूत आलाय. ‘पालीतला र मागाहून शिरला’ म्हणणाऱ्यांनी अवेस्तातला र कुठून शिरला तेही सांगावं. नारू आणि न्यूरॉन यांत एकच र आहे, हे कळल्या दिवशी मला जेवण सुचलं नव्हतं.

जाता जाता, मराठीला शरीराचे शब्द नाहीत अशी रड करणाऱ्यांसाठी. दंड फुगवला की जो गोळा हलतो त्यात रोमनांना छोटा उंदीर दिसला, म्हणून मसल. आम्हाला बेडूक दिसला, म्हणून बेटकुळी. ग्रीकांनी पायाच्या मागच्या भागाला पायाचं पोट म्हटलं, त्यावरून गॅस्ट्रोक्नेमियस. आम्ही पोटरी म्हणतो, भातही पोटरीला येतं. पॅटेला म्हणजे लॅटिनमध्ये छोटी ताटली. आमची गुडघ्याची वाटी. कण्याच्या टोकाच्या हाडात ग्रीकांना कोकिळेची चोच दिसली, आम्हाला तिथे माकडाचं शेपूट आठवलं. माकडहाड. कोणाची नजर चांगली ते ज्याने त्याने ठरवावं.

राहिला मूळ प्रश्न. आईंना झालेलं दुखणं नसेचं नाही, मसलचंही नाही. तळपायाचा पट्टा दुखावलाय. मराठीत बोलताना त्याला स्नायू म्हणू नका, ऐकणारा मसल समजेल. फिजिओथेरपिस्ट बाई म्हणाल्या ते एवढ्यासाठीच. ‘तळपायाचा पट्टा’ म्हणा, पुरे. आईंची ‘शीर’ आहे तशी राहू द्या. सिरा म्हणजे खरं तर रक्तवाहिनी, पण कोकणात शीर रक्ताचीही असते, नसेचीही आणि तातीचीही. हाडाला हाड जोडतो तो अस्थिबंध, स्नायूला हाड जोडते ती कंडरा किंवा स्नायुरज्जू. एकटा लिहिला तर स्नायू, यू दीर्घ. समासात आधी आला तर यु ऱ्हस्व: स्नायुरज्जू, स्नायुदुखी. ‘स्नायूदुखी’ लिहिणाऱ्या जाहिरातवाल्यांनी मांसपेशी सोडली तर हे मी काही दिवस चालवून घेईन.